डावीकडून एकवीस

हॉकी मला कधीच खेळता आली नाही. आयुष्यात मी एकच गोल मारला आणि तो आमच्याच गोलकीपरच्या दोन पायांमधून. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या गड्यांनी एकमतानं ठरवलं, की या माणसाच्या हातात स्टिक देऊ नये, शिट्टी द्यावी. शिट्टीबरोबर मी एक वही मागून घेतली. ती वही मिळाल्यावर मी जो काही माजलो, त्याची ही हकीकत.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीकडे तेव्हा कारखाने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच होते. कासारवाडी स्टेशनवर उतरायचं आणि बाभळीच्या काट्यांतून चपला वाचवत कामावर जायचं. आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे आणि त्यांची झाकणं होत. मी तिथं स्टोअरमध्ये कारकून होतो. कारखान्याच्या मागच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक नवा डांबरी रस्ता केला होता आणि टाकीपाशी तो संपत होता. पुढे नुसतं माळरान. त्यामुळे त्या रस्त्यावर वाहन येत नसे. पहिली शिफ्ट सुटली, की तो रस्ता आमचा.

हॉकीचं वेड आणलं आमच्या गोलकीपरनं. तो दिघीचा. प्रेस खात्यात झाकणं कापायच्या मशीनवर होता. दिघीच्या माळावर फौजी लोक हॉकी खेळत आणि हा लहानपणी तारेच्या कुंपणाला नाक लावून बघत बसे. त्या तारेच्या आतच त्याच्या घरची जमीनही गेली होती. "जमीन आत ऱ्हायली, आमी भाईर," असं तो हसत सांगायचा. भाकरी आता फक्त प्रेसवर होती आणि ती खाणारी तोंडं पाच.

स्टिका पुरवायचा कासारवाडीचा एक सायकलवाला. त्याला सगळे उस्ताद म्हणत. बाभळीचा वाकडा फाटा तासून, तळाला सायकलची ट्यूब गुंडाळून तो अशी स्टिक बनवायचा, की मारणाऱ्याच्या हाताला जास्त लागायचं की चेंडूला, हे सांगता येत नसे. चेंडूही त्याचाच. आत बूच, वर सुतळी, त्यावर ट्यूबच्या पट्ट्या. आठवड्याला एक चेंडू मरायचा. खेळताना उस्ताद उजवा बॅक असायचा, गोलकीपरच्या उजव्या हाताला.

समोरच्या बाजूचा सेंटर फॉरवर्ड होता प्रेस खात्याचाच चार्जमन. कारखान्यात त्याला साहेब म्हणायचं, रस्त्यावर राव. ही अदलाबदल मागच्या फाटकातून बाहेर पडताच व्हायची. आत ज्याच्यापुढे मान वर होत नसे, त्याच्या नडगीवर बाहेर स्टिक बसायची आणि तो "अरे गाढवा" म्हणून हसायचा. पण दुसऱ्या दिवशी आठ वाजता तो पुन्हा साहेब. हे सगळ्यांच्या लक्षात असे.

आता आमचा कायदा सांगतो. गोल म्हणजे चार पावलांवर ठेवलेले दोन दगड. जाळी नाही, खांब नाही, वर धूळ. चेंडू दगडाच्या आतून गेला की बाहेरून, यावरून पहिल्या महिन्यात दोन डोकी फुटली. तेव्हा ठरलं, की गोल झाला की नाही हे गोलकीपरच सांगणार. ज्याच्यावर गोल होतो, त्याच्याच शब्दावर. त्यानं हात वर केला, तर गोल. नाही केला, तर नाही. वाद नाही, शपथ नाही. बाहेरच्या माणसाला हा कायदा वेडेपणाचा वाटेल. चोरालाच पंच करण्यासारखा. पण तो कायदा झाल्यापासून एकदाही भांडण झालं नाही. आमचा दिघीचा गडी उजव्या हातात स्टिक धरायचा, म्हणून डावा हात वर करायचा. पाच बोटं पसरून, सरळ आभाळात. आपल्याच पराभवाची अशी दिमाखात वर्दी देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मी वहीत लिहायचो.

वही म्हणजे स्टोअरमधलं एक रद्द झालेलं मालाचं रजिस्टर. त्यात रकाने आयतेच छापलेले. आवक, जावक, शिल्लक, तूटफूट, शेरा. मी एकही रकाना वाया घालवला नाही. खाल्लेले गोल आवकेत, मारलेले जावकेत. कुणाची ढोपरं फुटली, कुणाची स्टिक मोडली, ते तूटफुटीत. आणि शेऱ्याच्या रकान्यात माझी प्रतिभा. कोणी किती गोल मारले, किती अडवले, कोणाच्या पासवर कोणी मारला, सगळं त्यात. दर रविवारी सकाळी स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात बाकावर उभा राहून मी ते वाचत असे. आवाज चढवून, मध्येच थांबून, चष्मा पुसून. कारखान्यात ज्यांची कधी कुठं नोंद नाही अशी माणसं स्वतःचा आकडा ऐकायला इस्त्रीचा सदरा घालून यायची.

"वाचा भावसाहेब, वाचा," गोलकीपर म्हणायचा. "या आठवड्यात किती अडीवले म्या?"

"सत्तावीस."

"अठ्ठावीस. मंगळवारचा येक धरला न्हाई तुमी."

मी मंगळवार काढून मोजायचो. अठ्ठावीसच असायचे. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक चेंडू पाठ असायचा.

एका पावसाळ्याच्या शेवटी चार्जमनचा एक फटका उसळून गोलकीपरच्या तोंडावर बसला. रक्त आलं, त्यानं रुमाल बांधला आणि खेळ पुढे चालला. मी तूटफुटीत लिहिलं: "गोलकीपर, डावी भुवई. चेंडू सुखरूप." रविवारी या ओळीला एवढा हशा पडला, की मला ती तीनदा वाचावी लागली. गोलकीपर सगळ्यांत मोठ्यानं हसला होता.

दिवाळीनंतर त्याची आवक वाढली. पूर्वी आठवड्याला एखादा गोल खाणारा माणूस दोन-तीन खायला लागला. एकदा तर चार्जमननं मारलेला चेंडू डाव्या दगडाच्या चांगला हातभर बाहेरून गेला. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. गोलकीपर क्षणभर तसाच उभा राहिला. मान वळवून मागं बघितलं. मग हात वर केला.

"अरे वेडा झाला काय?" उस्ताद ओरडला. "बाहेर गेला ना भाई! इतका बाहेर!"

"ग्येला आसंल आत."

"आसंल म्हणजे?"

"हात वर केलाय म्या," गोलकीपर म्हणाला. विषय संपला. चार्जमननं गोल घेतला. मीही लिहिला.

मला मात्र गुदगुल्या व्हायला लागल्या. माणसाची फजिती आकड्यांत मांडायची संधी मी कशी सोडणार? मी शेऱ्याच्या रकान्यात उभी रेघ मारून दोन भाग केले, डावीकडून आणि उजवीकडून. मागचे गोलही आठवून, विचारून भरले. संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी बाकावर चढलो.

"सभ्य गृहस्थहो! दिवाळीपासून आजपर्यंत टाकीकडच्या, म्हणजे आपल्या गोलात एकूण आवक पंचवीस. पैकी उजवीकडून..." इथं मी चहाचा घोट घेतला, "चार. आणि डावीकडून एकवीस!"

हॉटेल हसलं. उस्तादनं उजवा बॅक म्हणून मिशीला पीळ भरला.

"डाव्या अंगाला डुलकी लागते का रे तुला?" चार्जमननं विचारलं.

"डावा बॅक रद्दी आहे," कुणीतरी म्हणालं.

"तेच तर!" मी बाकावरून ओरडलो. "डावा बॅक रोज वेगळा असतो! जो उरेल तो! माणूस बदलतो, पण गोल डावीकडूनच. तेव्हा गृहस्थहो, खोट बॅकमध्ये नाही!"

माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो, की गोलकीपरकडे बघायचं राहून गेलं. बघितलं तेव्हा तो हसत नव्हता. चार्जमनही हसायचा थांबला होता आणि बशीतल्या चहाकडे बघत होता.

त्याच संध्याकाळी गोलकीपर माझ्या खोलीवर आला. बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून राहिला.

"भावसाहेब, तेवढं डावं-उजवं वहीतनं काढा."

"का रे? चिडलास? गंमत होती."

त्यानं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या दिशेनं.

"तुमी हाय का तितं?"

"हा काय, समोर आहे."

"आवाज येतोय. मानूस न्हाई दिसत. धुकं हाय नुसतं." त्यानं हात काढला. "भुवई फुटली व्हती ना? तवापासनं. खडकीच्या डाक्टरला दावलं. म्हनला, आतलं कायतरी सुटलंय, आता न्हाई व्हायचं."

 

"चार्जमनला सांग," मी म्हणालो. "तो आपलाच आहे."

"रस्त्यावर आपला. आत सायब हाय. त्या ग्राइंडरवाल्या म्हाताऱ्याचं काय झालं? दिसत न्हाई म्हनला आन् दुसऱ्या दिवशी फाटकाभाईर. येका डोळ्याचा मानूस प्रेसवर कोन ठेवंल?"

"पण प्रेसवर तुला दिसतं का?"

"मान वळवून बघतो. सवय झाली." मग म्हणाला, "चार्जमन वही ऐकतो. आज हसला. उद्या इचार करंल."

मी त्याला वचन दिलं. प्रेस पायानं चालतो, पत्रा डाव्या हातानं आत सरकवावा लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. स्टोअरमधून त्या मशीनचे सुटे भाग मीच देत होतो. पण मला त्या संध्याकाळी प्रेस दिसला नाही. मला दिसली ती फाटकाबाहेर उभी असलेली पाच तोंडं आणि त्यांना वाचवणारा मी. खोटं रचण्याची नुसती परवानगी नव्हे, तर पुण्याईसकट परवानगी! रात्रभर मी आनंदानं आकडे खोडत बसलो नाही, हेही सांगून टाकतो. त्याहून सोपी युक्ती मला सुचली होती.

पुढच्या रविवारी मी बाकावर चढलो आणि दोन्ही कान पकडले.

"गृहस्थहो, गुन्हा कबूल! गेल्या रविवारी मी रकाने उलटे वाचले. वही धरलेली सरळ, पण वाचणारा उलटा. डावीकडून चार. उजवीकडून एकवीस!"

एकच गलका झाला. मी विदूषक होतोच. विदूषकानं चूक केली यावर कोण शंका घेणार? फक्त उस्ताद उठून उभा राहिला.

"माझ्या बाजूनं? एकवीस?"

"वही सांगते, उस्ताद."

"अरे मी उभा असतो तिथं! मला माहीत नाही का?"

"वही म्हणजे वही, राव," चार्जमन म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. त्यानं सगळ्यांना आणखी एक चहा सांगितला.

उस्तादनं वही मागून घेतली, बोटानं रकाना चाचपला. त्यालाही नीट वाचता येत नव्हतं. आकडे मात्र येत होते, आणि रकान्यांवरची दोन नावं मी आधीच बदलून ठेवली होती. "एकवीस," तो स्वतःशी म्हणाला. मग अगदी पडलेल्या आवाजात, "लिहिलंय म्हणजे झाले असतील."

आमच्या मंडळींची हीच खोड होती. डोळ्यांनी पाहिलेलं विसरायचं आणि वहीत लिहिलेलं खरं मानायचं. ती खोड त्यांना लावली मीच. उस्ताद त्यानंतर गोलाच्या उजव्या दगडाला चिकटून खेळायला लागला, जिथून कोणी मारतच नव्हतं. डावी बाजू आणखी उघडी पडली. गोलकीपर न दिसणाऱ्या चेंडूंना हात वर करत राहिला आणि मी ते सगळे उजवीकडे लिहीत राहिलो. मला त्यात मजा येत होती. नाही म्हणणं खोटं होईल आणि तेवढं एक खोटं आता नको.

फाल्गुनात एका दुपारी स्टोअरच्या खिडकीशी मी बसलो होतो. प्रेस खात्याचा आवाज ठरलेला असे, धप्प, धप्प, एका लयीत. तो थांबला. प्रेस अधूनमधून थांबायचा, त्यात नवल नव्हतं. पण पाठोपाठ शेजारचाही थांबला, मग सगळेच. मी खिडकीतून वाकून पाहिलं. चार्जमन धावत येत होता. त्याच्या हातात पुसायच्या चिंध्यांचा भला मोठा बोळा होता.

"चिंध्या दे! आणखी दे! आहेत तेवढ्या दे!"

मी पोतंच उचलून दिलं. नोंद केली नाही. स्टोअरमधून नोंदीशिवाय माल गेला, असं माझ्या नोकरीत त्या एकाच दिवशी झालं.

डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

पुण्याच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो होतो. चार्जमन, उस्ताद आणि मी. आत गोलकीपरची बायको आणि आई होत्या.  मग चार्जमननंच सुरुवात केली. बोलत होता माझ्याशी, पण बघत समोरच्या भिंतीकडे होता.

"तू पहिल्यांदा एकवीसचा आकडा वाचलास ना, तेव्हा मला धस्स झालं होतं. म्हटलं, याच्या डाव्या डोळ्यात काहीतरी आहे. फटका माझाच होता. सोमवारी मोठ्या साहेबांशी बोलून ठेवलं, एक माणूस पॅकिंगला बदलायचाय म्हणून. कारण सांगितलं नाही. ते हो म्हणाले. म्हटलं, रविवारी वाचन होऊ दे, एकदा खात्री करू आणि सोमवारपासून त्याला बदलू."

तो भिंतीकडेच बघत पुढं बोलला.

"आणि रविवारी तू रकाने उलटे झाले म्हणालास. मला इतकं बरं वाटलं. वाटलं होतं, आपणच डावीकडून जास्त मारतोय. पण वहीत नव्हतं."

उस्ताद सावकाश माझ्याकडे वळला.

"रकाने उलटे झाले नव्हते," तो म्हणाला. त्यानं विचारलं नाही, सांगितलं.

"नव्हते," मी म्हणालो.

तो मला मारेल असं वाटलं. मला ते बरं वाटलं असतं. तो उठला, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि तिथूनच घरी गेला. चार्जमन बसून राहिला. काही वेळानं त्यानं एवढंच विचारलं, "त्यानं सांगितलं होतं तुला तसं करायला?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं. 

चार्जमननं पुढं बरीच खटपट करून गोलकीपरला मागच्या फाटकावर चाव्या सांभाळायला बसवलं. फाटकाबाहेर काढतील, हीच त्याला भीती होती ना, ते टळलं. रस्त्यावरची हॉकी मात्र बंद पडली. कोणी बंद केली नाही. उस्तादनं चेंडू बनवणं सोडलं आणि दुसरा बनवायला कोणी पुढे आला नाही. रविवारी हॉटेलात जायचं मीच सोडलं.

वैशाखात एका दुपारी मी मागच्या फाटकातून बाहेर पडत होतो. त्यानं स्टुलावरून हाक मारली.

"भावसाहेब, वही हाय का?"

"आहे."

"आना की."

मी आणली. मला वाटलं, फाडायला मागतोय. त्यानं शेजारचं खोकं पुढं सरकवलं, मला बसवलं आणि म्हणाला, "दुरुस्त करा. दिवाळीपासनं."

"आता कशाला रे?"

"त्या उस्तादाच्या नावावर हाय समदं. तो वाटंत भेटला तर मान खाली घालून जातो. त्याचं काय चुकलं?"

मी शाईची दौत आणली. तो एकेक सांगत गेला आणि मी खोडून लिहीत गेलो. दिवाळीनंतरचा बुधवार, डावीकडून, चार्जमनचा. शुक्रवार, डावीकडून, दगडाला लागून. एकही वार चुकला नाही. मध्येच कोणी आलं की तो उठून उजव्या हातानं फाटक उघडायचा, परत बसायचा आणि जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करायचा. डावा हात पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेला होता. मधेमधे तो म्हणायचा, "ह्यो दिसला न्हाई." असे एकामागून एक झाले. नऊ.

मी टाक थांबवला.

"न दिसलेले काढून टाकू का? त्यातला एक तर हातभर बाहेरून गेला होता. मी पाहिला होता."

"तवा बोलला न्हाई तुमी."

"कायदा होता."

"मग लिवा. गोल."

"बाहेर गेलेला चेंडू गोल कसा लिहू?"

त्याला माझा प्रश्न समजलाच नाही. दिसणाऱ्या डोळ्यानं त्यानं माझ्याकडे बघितलं, मूर्खाकडे बघावं तसं.

"हात वर केला व्हता की म्या," तो म्हणाला.

मी लिहिलं. डावीकडून, गोल. मग मागची पानं उलटून पावसाळ्याच्या शेवटची ती ओळ शोधली, जी मी तीनदा वाचून दाखवली होती. 'चेंडू सुखरूप' हे दोन शब्द खोडले. त्यांच्या जागी काय लिहावं ते सुचेना. तो काही लिहिलंय का म्हणून वाकून बघत होता, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो. मग त्यानं फाटक उघडलं आणि मला बाहेर सोडलं. वही मी काखेत धरली आणि उस्तादच्या सायकलच्या दुकानाकडे चालायला लागलो.